मेश्राम सर मागे पळायला शिकतात

आमचे मेश्राम सर दोन वर्षं रोज चार-चार तास मागे पळायला शिकत होते, आणि ते काही त्यांना येत नव्हतं.

स्वतःच्या पायांनी पळायचं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. डॉक्टर हल्ली माणसाला काहीही करायला सांगतात. पण सर पळत होते ते कॉम्प्युटरवरच्या मारामारीच्या खेळात. वय पंचावन्न, डोक्यावर टक्कल, खिशात एक निळं नि एक लाल पेन, आणि समोर पडद्यावर उघड्या छातीचा, मनगटांना पट्ट्या गुंडाळलेला एक पैलवान. त्याच्यासमोर दुसरा एक गडी नुसता उभा. सरावासाठी त्या खेळात तशी सोय असते म्हणे. समोरच्याला नुसतं उभं करून ठेवता येतं. सरांनी त्या बिचाऱ्याला दोन वर्षांत एक चापट मारली नाही. त्याच्यापासून फक्त पळायचं. ज्यानं तुमचं काही वाकडं केलेलं नाही, हातही उचललेला नाही, त्याच्यापासून इतकं पळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझं तुमसरला झेरॉक्सचं दुकान आहे. सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत. त्यामुळे सरांचं आयुष्य मला दिसत नसे, ऐकू येत असे. टक टक, टकटक. टक टक, टकटक. मग शांतता. मग सरांचा आवाज, "चुकलं. पहिल्यापासून."

हे दोन शब्द सरांचे. टायपिंगमध्ये ओळीत एक अक्षर चुकलं की ती ओळ पहिल्यापासून मारायची, असा त्यांचा नियम. तीस वर्षं हा नियम पाळता पाळता तो त्यांच्या अंगात इतका मुरला की चहात साखर जास्त झाली की ते चहा ओतून द्यायचे आणि म्हणायचे, "चुकलं. पहिल्यापासून." शर्टाचं एक बटण वरखाली लागलं तरी सगळी काढायची. एकदा विहारात वंदना म्हणताना पुढच्या रांगेतल्या कोणाचा तरी शब्द मागेपुढे झाला. मागून सरांचा आवाज आला. आणि गंमत म्हणजे शंभर माणसांनी निमूटपणे पहिल्यापासून सुरू केलं. त्यातली निम्मी सरांची विद्यार्थी होती.

लग्नाचंही तेच झालं. मुलीकडच्यांनी बायोडाटा टाइप करून आणला होता. सरांनी तो वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि सात चुकांना गोल करून मुलीच्या वडिलांच्या हातात परत दिला. सर म्हणाले ते दोन शब्द इथे पुन्हा लिहीत नाही. पाहुणे पोहे न खाता गेले. नंतर सरांनी लग्नाचा विषय काढला नाही, कोणी काढूही दिला नाही.

मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. सर आमच्या मनगटावर रिकामी काडेपेटी ठेवायचे. ती पडली की ओळ पहिल्यापासून. आणि बोटांच्या बाबतीत तर ते न्यायाधीशच. 'ए'चं बटण डाव्या करंगळीचं, 'एस' तिच्या शेजारच्या बोटाचं. कोणी करंगळी दुखते म्हणून दुसऱ्या बोटानं 'ए' दाबला की पट्टी बसायची. "करंगळीचं काम करंगळीनंच करायचं. शेजाऱ्याच्या हातानं जेवतो काय आपण?"

तेव्हा बारा मशिनी होत्या. सकाळी सहाला सुरू झालेली टकटक रात्री आठला थांबायची. मग मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले. सरांनी चार घेतले. पोरं परीक्षेपुरती यायला लागली. मग तीही कमी झाली. शेवटी इन्स्टिट्यूटमध्ये दीड विद्यार्थी उरला. अर्धा म्हणजे आठवड्यातून एकदा यायचा तो.

म्हणून भिंतीपलीकडून मारामारीचे आवाज यायला लागले तेव्हा आम्हा शेजाऱ्यांचं मत लगेच ठरलं. पानठेलेवाला म्हणाला, "सर गेले कामातून."

एक दिवस सरांनी मला हाक मारून बसवलं. "राजू, इकडं पाय. हे ए म्हणजे मागचं बटण, ते दोनदा दाबलं का गडी मागं उडी मारते. मारली. आता पाय, तो कसा गाडल्यासारखा उभा आहे. डोळा लवते न, तेवढाच वेळ. पण तेवढ्यात मार बसते."

"मग?"

"मंग तो गाडला जायच्या आधीच खालचं आणि मागचं बटण संगं दाबायचं, आणि लगेच पुन्हा मागचं. का तो सुटते. का पुन्हा उडी. का पुन्हा तेच. जमलं तं माणूस उतारावरच्या सायकलीसारखा सरकत जाते."

"आणि नाही जमलं तर?"

सरांनी करून दाखवलं. पैलवान दोन उड्या मागे गेला आणि मध्येच खाली बसला. गाडी चुकलेला माणूस तुमसर रोडच्या फलाटावर आपल्या बोचक्याशेजारी बसतो, अगदी तसा.

"हे असं," सर म्हणाले.

सरांनी त्याचा अभ्यासक्रम केला होता. कागदावर टाइप केलेल्या चाळीस ओळी: मागे मागे, खालीमागे, मागे. मागे मागे, खालीमागे, मागे. त्याच्या मी दर महिन्याला तीस झेरॉक्स काढून द्यायचो. रोज एक कागद. जमली ती निळ्या पेननं, चुकली ती लाल पेननं. संध्याकाळी कागद असा दिसायचा की जणू कोणी त्यावर पान खाऊन थुंकलं आहे.

"सर, सोडून द्या न," मी एकदा म्हणालो. "काय अडलं आहे?"

"अडलं आहे," सर म्हणाले, आणि पुन्हा टकटक.

करडीहून कॉलेजला येणारी कोमल नावाची मुलगी माझ्याकडे नोट्स काढायला यायची. तिला हा खेळ येतो असं कळल्यावर मी तिला सरांकडे नेलं. तिनं सरांचा पैलवान घेतला आणि दोन मिनिटांत पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता सरसर मागे नेला. सर तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मग त्यांचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं.

"बोट चुकलं," सर म्हणाले. "ए करंगळीनं दाबतात."

"सर, करंगळीनं नाही होत ते. कोणाच्यानंच नाही होत. हे दोन बोटं वापरा," कोमल म्हणाली. "आणि तुम्ही मारत काहून नाही? नुसतं पळून जिंकता येते काय?"

"मले मारायचं नाही."

"मंग हरान तुम्ही."

"हरायचंही नाही," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर कोमलनं माझ्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं. माझंही मत तेच होतं.

खरं सांगायचं तर मला सरांचा रागच यायला लागला होता. कारण इन्स्टिट्यूटच्या मागच्या दोन खोल्यांत सर आणि त्यांची मोठी बहीण राहायचे. बहीण म्हणजे शांताबाई, सरकारी नर्स. आख्खा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा. सर मात्र 'बाई' म्हणत. बपेरा गावाच्या बाजूला त्यांची अर्धी नोकरी गेली. आई गेली तेव्हा सर सहा वर्षांचे होते. सिस्टरनं त्यांना सोबत नेलं, वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं. बाई मोठी कडक. माझ्या लहानपणी मला त्यांनी इंजेक्शन दिलेलं आहे. ते दिवस आठवले की अजून मी त्या बाजूनं बसत नाही. तर अशा बाईला अडीच वर्षांपूर्वी लकवा मारला. डावी बाजू गेली. तेव्हापासून त्या कोणाला दिसल्या नव्हत्या. मी विचारायचो, "सिस्टर कशा आहेत?" सर म्हणायचे, "आहे." आणि पुन्हा त्या पैलवानाला मागे पळवायला लागायचे.

एकदा माझ्यानं राहवलं नाही. "सर, खेळ राहू द्या. सिस्टरकडे पाहा जरा."

"तेच तं करून राहिलो," सर म्हणाले. डोळे पडद्यावरच. मी तिथून उठलो आणि पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

धानाचे रोवणे सुरू होते त्या दिवसांत. गावात माणूस नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही. दुपारी माझ्या मशीनमध्ये कागद अडकला आणि स्क्रू खोलायचा पेचकस सापडेना. सरांचं पुढचं दार दुपारी दोन ते चार बंद असायचं. मला वाटे, झोपत असतील. मी मागच्या अंगणातून गेलो आणि दारातच थांबलो.

मागच्या खोलीत आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर सिस्टर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड. डावा हात घसरू नये म्हणून मनगट रुमालानं पाटाला बांधलेलं. शेजारी सर, त्यांच्यापुढे दुसरा कीबोर्ड. पडद्यावर डावीकडे सरांचा पैलवान, उजवीकडे पिवळ्या कपड्यातली एक उंच बाई.

"ये राजू," सिस्टर म्हणाल्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं, पण आवाज तोच, सुई टोचणारा. "पाय, कशी बदडून राहिली याले."

डाव सुरू झाला. सर दोन उड्या मागे गेले. तिसऱ्या उडीला पैलवान बसला. पिवळी बाई थांबत, अडखळत त्याच्यापर्यंत आली आणि तिनं लाथ घातली. पुन्हा दोन उड्या, पुन्हा बसला. पुन्हा लाथ. पंधरावीस सेकंदांत खेळ संपला.

सिस्टरना आनंद झाला नाही. त्या सरांकडे पाहत राहिल्या.

"पुन्हा बसला. काहून बसतो तू? मले भीक देऊन राहिला काय?"

"नाही न, बाई. खरंच नाही जमून राहिलं."

"खोटं बोलू नको. दहावीत नापास झाला तवाही असंच तोंड केलं होतं."

"तवाही खरंच नव्हतं जमलं, बाई."

"बंद कर ते. मले लहान लेकरासारखं नको खेळवू. लकवा हाताले झाला, डोक्याले नाही." त्यांना रागानं उठून जायचं होतं. पण हात बांधलेला. सरांनी रुमाल सोडेपर्यंत त्यांना तिथेच, त्याच रागात बसून राहावं लागलं.

सर मला अंगणात घेऊन आले. पेचकस हातात दिला. मग म्हणाले, "डॉक्टरनं बोटं हलवायचा चेंडू दिला होता. तिनं तो डॉक्टरलेच फेकून मारला. म्हणे, मी नर्स आहो, मले नको शिकवू. सहा महिने हात नुसता पडून. मी तिले एकटीले ठेवत नाही घरी, तं पोरं गेली का दार लावून पुढं बसवत होतो. पोरांनी एका कॉम्प्युटरवर हा खेळ टाकून ठेवला होता. मी काढून टाकत होतो. बाई म्हणे, राहू दे. आणि तिनं त्या डाव्या हातानं बटण दाबलं राजू. मी पाहिलं. आपल्या मनानं दाबलं."

मी पेचकस खिशात घातला.

"आता तिले मारलं तं बाई दोन-दोन दिवस हात उचलत नाही. नाही मारलं, उभा राहिलो, तं म्हणते दया करतो. मंग एकच राहते. पळायचं. पण खरंखुरं पळायचं, तिले धरताच येऊ नये असं. त्या मैदानाले भिंत नाही, कितीही मागं जाता येते. डाव साठ सेकंदाचा असते. साठ सेकंद मी पळालो तं साठ सेकंद तिले माझ्या मागं यावं लागते. आणि मागं यायले डावा हात लागते. दोनदा बटण दाबल्याशिवाय तिची बाई धावत नाही." सरांनी आपली करंगळी वर केली. ती दुसऱ्या हातानं दाबली. "दोन वर्षं झाले. मी पंधरा सेकंदाच्या वर पळू शकलो नाही. समोर तिचा हात असते म्हणून माझ्यानं होत नाही काय राजू? का मी आहोच मंद?"

दहावीपासून तो प्रश्न त्यांच्यापाशी असावा.

"सर," मी म्हणालो, "कोमल सांगत होती न. बोट बदला."

सरांनी अंगणातला गळका नळ घट्ट केला. "तीस वर्षं पोरांच्या बोटांवर पट्टी मारली मी," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडची टकटक बदलली. चुकीच्या बोटाची टकटक कानाला लगेच कळते. मी त्या आवाजावर मार खाल्लेला आहे. पहिले आठ दिवस ती अडखळत, चोरासारखी येत होती. मग सलग यायला लागली. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी ती सुरू झाली आणि थांबलीच नाही. मी झेरॉक्सचा कागद हातात धरून ऐकत राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, काय झालं?" मी म्हणालो, "सर पळाले."

त्या दुपारी सिस्टरनंच मला बोलावून घेतलं. पैलवान सरकत होता, खरंच उतारावरच्या सायकलीसारखा. पिवळी बाई त्याच्या मागे. दोघांनाही 'ए' हेच बटण, सरांना पळायला आणि सिस्टरना धरायला. सिस्टर जे बोट हलेल त्यानं दाबत होत्या, कधी मधल्यानं, कधी नुसत्या तळव्यानं. सर सगळ्या तुमसरला चुका काढून दाखवत आले. बहिणीच्या बोटांबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. साठ सेकंद संपले. सिस्टरच्या कपाळावर घाम होता.

"हरामखोर," त्या म्हणाल्या. "खरंच पळते. लाव पुन्हा."

दीड महिना चांगला गेला. सिस्टर चमचा धरायला लागल्या. एकदा त्यांनी खेळात सरांना लाथ घातली ती खऱ्याच चपळाईनं. सर दिवसभर ती लाथ लोकांना सांगत होते. मग धान कापून झालं, राइस मिली सुरू झाल्या, सगळ्या गावावर कोंड्याची धूळ बसली, आणि सिस्टरचा हात पुन्हा जड व्हायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. सर परत आले आणि मला एवढंच म्हणाले, "सांभाळा म्हणते."

त्यानंतर भिंतीपलीकडून येणारी टकटक दर आठवड्याला थोडी मंद होत गेली. मला आधी वाटलं, सर विसरले. मग कळलं, त्यांनी तोही सराव सुरू केला होता: कमी पळण्याचा. सिस्टरना कळणार नाही इतकंच कमी. आज एक उडी कमी, परवा आणखी एक. इतक्या कष्टानं कमावलेलं ते रोज थोडंथोडं मोडत होते, आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून बिनचूक जमत होतं.

माघातली गोष्ट. मी दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. डाव चालू होता. पैलवान अगदी सावकाश मागे सरकत होता. पिवळी बाई दोन पावलं आली आणि थांबली. पुन्हा एक पाऊल. पुन्हा थांबली. सिस्टरचा हात पाटावर होता, बोटं हलत नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

"देवा," त्या म्हणाल्या. सरांचं नाव देवानंद. "किती पळशील रे? ये इकडे आता."

सर थांबले. पडद्यावर मोठं रिकामं मैदान आणि त्यात दोन माणसं लांब लांब उभी. सरांनी पुढचं बटण शोधायला खाली पाहिलं. कीबोर्डकडे पाहणारे मेश्राम सर मी पहिल्यांदा पाहत होतो. मग पैलवान एकेक पाऊल टाकत पुढे आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मार, बाई," सर म्हणाले.

सिस्टरचा उजवा हात चांगला होता. मारायची बटणं त्याच हाताखाली होती. त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला. वरचे आकडे उतरत गेले. वीस. दहा. कोणी कोणाला हात लावला नाही. शून्य झालं आणि पडद्यावर काहीतरी अक्षरं आली.

"कोण जिंकलं?" सिस्टरनी विचारलं. त्यांचा चष्मा धुरकटला होता.

"कोणीच नाही."

"बरं झालं. जाय, चहा मांड. राजू केव्हाचा बसला आहे."

सरांनी रुमाल सोडला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन थोडा चोळला आणि आत गेले. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. पुढे गॅस पेटल्याचा आवाज यायला हवा होता, तो बराच वेळ आला नाही. सिस्टर दाराकडे कान देऊन बसल्या होत्या.

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"राजू, तुले येते काय रे हे खेळता?"

"नाही, सिस्टर."

"मी गेल्यावर याच्यासंग कोण खेळन?"

चांगल्या हातानं त्यांनी मांडीवरचा पाट माझ्याकडे लोटला. तो मध्येच अडला, मी तो धरला.

"चहा होईपर्यंत तेवढं शिकून घे," त्या म्हणाल्या. "हे बटण लाथेचं. त्याले मारजो. सोडजो नको."